बीचवर शार्क दिसला तर आधी काय, मग काय, आणि लोक नेमके कुठे चुकतात

शार्क दिसल्याचे व्हिडिओ नीट बघा, जवळपास सगळ्यांत एकच प्रकार दिसतो. कोणीतरी बोट दाखवून ओरडतं, अर्धे लोक पाण्यातून बाहेर पळतात, उरलेले मोबाईल घेऊन पाण्याच्या दिशेने पळतात, आणि या सगळ्यात लाइफगार्डला जाऊन सांगायचं कोणालाच सुचलेलं नसतं. लोकांना काय करायचं ते माहीत नसतं असं नाही, बऱ्याच जणांना माहीत असतं. गडबड होते ती क्रमाची. तिसरी गोष्ट आधी करतात, पहिली विसरूनच जातात.

भीती किती ठेवायची त्याचा अंदाज यावा म्हणून एकच आकडा देतो. इंटरनॅशनल शार्क अटॅक फाइलच्या नोंदीप्रमाणे जगभरात माणसाने काहीही न डिवचता शार्क चावल्याच्या घटना २०२३ मध्ये ६९ होत्या आणि २०२४ मध्ये ४७. अख्ख्या जगात, वर्षभरात. म्हणजे शार्क दिसला आणि काहीच झालं नाही असंच बहुतेक वेळा होतं. पण त्या गोंधळात पोरगं हरवणं, कोणी रिप करंटमध्ये, म्हणजे काठावरून आत समुद्राकडे खेचणाऱ्या जोराच्या प्रवाहात, ओढलं जाणं, म्हातारं माणूस पळापळीत पडणं, हे सगळं होऊ शकतं, आणि ते टाळणं आपल्या हातात आहे. म्हणून हे टप्पे. क्रम बदलू नका.

## टप्पा १: निघायच्या आधीची तयारी

सगळ्यात मोठा निर्णय घरीच होतो, तो म्हणजे बीच कुठला. लाइफगार्ड असलेला बीच निवडा, बस. वाळू किती पांढरी आहे, गर्दी किती कमी आहे हे नंतर. "शांत बीच" म्हणून जिथे आपण जातो तिथे पाण्यावर नजर ठेवणारं कोणी नसतं, सायरन नसतो, आणि काही झालं तर मदत यायला वेळ लागतो.

मग वेळ. पहाट आणि संध्याकाळचा अंधुक उजेड टाळा, रात्री तर पोहूच नका. या वेळी बरेच शार्क जास्त फिरतात, शिवाय त्यांना तुम्ही नीट दिसत नाही आणि तुम्हाला ते दिसत नाहीत. जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर नदी, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथून एक-दोन दिवस तरी लांब राहा, पाणी गढूळ असतं, वाहून आलेल्या गोष्टींमागे मासे येतात आणि माशांमागे बाकीचे. बुल शार्क तर गोड्या पाण्यातही शिरतो, नदीत बराच आतपर्यंत जातो, त्यामुळे "ही तर खाडी आहे, इथे कुठला शार्क" या युक्तिवादात काही दम नाही.

बॅगेत काय टाकायचं:

- जोरात वाजणारी शिट्टी. माणसाचा आवाज लाटांच्या आवाजात विरतो, शिट्टी ऐकू जाते.
- पोलराइज्ड गॉगल. पाण्यावरची चमक कमी होते आणि खालची सावली दिसते. साध्या काळ्या गॉगलने हे होत नाही.
- एक चांगला टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा, दांडी फिरवून घट्ट करायचा असतो तो. आणि गॉझची, म्हणजे जखमेवर ठेवायच्या जाळीदार कापडाची, दोन-तीन पाकिटं. टूर्निके घरीच एकदा स्वतःच्या पायावर लावून बघा, पाकीट पहिल्यांदा बीचवर फोडायची वेळ येऊ देऊ नका.
- चार्ज केलेला फोन, आणि ज्या देशात आहात तिथला इमर्जन्सी नंबर. अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००, युरोपात आणि भारतात ११२. परदेशात फिरायला गेलेले लोक ऐनवेळी आपल्या देशाचा नंबर फिरवतात, खरंच.

शार्क पळवणारी उपकरणं घ्यावीत का असं बरेच जण विचारतात. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१८ मध्ये सर्फिंग करणाऱ्यांसाठीची पाच उत्पादनं ग्रेट व्हाइट शार्कसमोर आमिष ठेवून तपासली. विजेचं क्षेत्र तयार करणाऱ्या एका उपकरणाने आमिष खाल्लं जाण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणलं, बाकीच्यांचा म्हणावा तसा परिणाम दिसला नाही, त्यात मॅग्नेटचे पट्टेही होते. आता ४० टक्के हा आकडा परत वाचा. जे सगळ्यात चांगलं निघालं त्याच्यासमोरही दहापैकी चार वेळा आमिष गेलंच. त्यामुळे मनगटाला पट्टा बांधला म्हणून कुठेही उतरायचं, हे डोक्यातून काढा.

## टप्पा २: पाण्यात उतरायच्या आधीची पाच मिनिटं

गाडीतून उतरून थेट पाण्यात पळायची सवय असते, खास करून पोरांना. पाच मिनिटं थांबा. या पाच मिनिटांत चार कामं होतात.

झेंडे वाचा. इथे लोक फार चुकतात कारण जगभर सगळीकडे एकच पद्धत नाही. सगळ्यात जास्त गोंधळ लाल-पिवळ्या झेंड्याचा. वर लाल खाली पिवळा असा झेंडा दिसला की काही जण घाबरून त्याच्यापासून लांब जाऊन पोहतात, आणि खरं तर तो झेंडा सांगत असतो की इथे लाइफगार्डची नजर आहे, अशा दोन झेंड्यांच्या मधेच पोहा. ऑस्ट्रेलियात लाल-पांढऱ्या चौकटींचा झेंडा म्हणजे पाणी ताबडतोब सोडा. अमेरिकेत एकावर एक दोन लाल झेंडे म्हणजे पाणी लोकांसाठी बंद. तिथलाच जांभळा झेंडा म्हणजे पाण्यात त्रासदायक जीव आहेत, बहुतेक वेळा जेलीफिश वगैरे, शार्कसाठी तो सहसा लावत नाहीत.

केपटाउनची पद्धत समजून घेण्यासारखी आहे कारण तिथे डोंगरावर माणसं बसून खास शार्कसाठी पाण्यावर नजर ठेवतात. हिरवा झेंडा म्हणजे पाणी स्वच्छ दिसतंय आणि शार्क दिसलेला नाही. काळा झेंडा म्हणजे पाण्यातलं नीट दिसतच नाहीये, त्यामुळे शार्क आहे की नाही सांगता येत नाही. लाल म्हणजे धोका जास्त, अलीकडे शार्क दिसलेला आहे पण आत्ता समोर नाही. आणि पांढऱ्यावर काळा शार्क म्हणजे आत्ता दिसलाय, सोबत सायरन, बाहेर या. यात फसवा कुठला, तर हिरवा. हिरवा झेंडा "शार्क नाही" असं म्हणत नाही, "आम्हाला दिसला नाही" एवढंच म्हणतो.

दुसऱ्या कुठल्या बीचवर असाल तर बोर्ड वाचा, बोर्ड नसेल तर लाइफगार्डला सरळ विचारा, "शार्क आला तर तुम्ही काय वाजवता, कुठला झेंडा लावता?" एका वाक्याचं काम आहे, लाजू नका.

पाणी बघा. पक्ष्यांचा थवा एकाच जागी सूर मारतोय, छोटे मासे पाण्याबाहेर उड्या मारतायत, जवळ कोणी गळ टाकून बसलंय किंवा मासे साफ करून आतडी पाण्यात टाकतंय, सील दिसतायत, पाणी गढूळ आहे. यातलं काहीही दिसलं तर जागा बदला. वाळूच्या दोन पट्ट्यांच्या मधला खोल भाग आणि जिथे तळ एकदम खाली जातो ती कड, या जागाही टाळा, शार्कला तिथे वावरायला आवडतं. एक गैरसमज इथेच काढून टाकतो, डॉल्फिन दिसले म्हणजे शार्क नाही असं काही नसतं, दोघं एकाच माशांच्या मागे असू शकतात.

रस्ता ठरवा. बाहेर कुठून यायचं? रिप करंट कुठे आहे? लाटा फुटत असतात त्यांच्या मधेच एखादा गप्प, सपाट, थोडा गडद पट्टा दिसतो, तो बहुतेक रिप असतो. घाईत बाहेर येताना लोक नेमके त्या "शांत" पट्ट्यातून यायला बघतात आणि आत ओढले जातात. अमेरिकेत लाइफगार्ड जेवढे लोक वाचवतात त्यात ८० टक्क्यांच्या वर प्रकरणं रिपची असतात, शार्कची नाही.

माणसं वाटून घ्या. कोण कोणाकडे बघणार ते नावानिशी ठरवा. सगळ्यांनी सगळ्यांकडे बघायचं ठरलं की कोणीच कोणाकडे बघत नाही. एक मोठा माणूस कायम किनाऱ्यावर, फोन आणि शिट्टीसकट. चमकणारे दागिने काढून त्याच्याकडे द्या, उन्हात ते माशाच्या खवल्यासारखे चमकतात.

चेक: झेंडा कुठला आहे, बाहेर यायचा रस्ता कुठला आहे, आणि तुमचं पोरगं कोणाच्या जबाबदारीत आहे. तिन्हींचं उत्तर न अडखळता देता आलं तर उतरा.

## टप्पा ३: दिसलं ते नक्की काय आहे

यासाठी दहा सेकंद, जास्त नाही. पण हे दहा सेकंद द्याच, कारण जे शार्क म्हणून सांगितलं जातं त्यात डॉल्फिनपासून तरंगत्या शेवाळापर्यंत काय काय निघतं.

डॉल्फिन श्वास घ्यायला वर येतो, त्यामुळे त्याची पाठ गोल फिरल्यासारखी वर येते आणि खाली जाते, फिन, म्हणजे पाठीवरचा उभा पर, मागे वळलेला असतो, आणि बऱ्याचदा फूस असा श्वासाचा आवाज येतो. शार्कला वर यायची गरजच नसते. त्याचा फिन आला तर पाणी कापत एका पातळीत सरळ जातो, वरखाली होत नाही. शेपूट हा अजून पक्का फरक आहे, शार्कची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनची आडवी असते आणि वर-खाली. म्हणूनच कधीकधी शार्कचे दोन फिन एकामागे एक दिसतात, पुढचा पाठीचा, मागचा शेपटीचं टोक, आणि मागचा डुलत असतो.

दोन टोकं शेजारी-शेजारी बाजूबाजूला वर आली तर तो बहुतेक रे मासा, त्याच्या पंखांची टोकं. एकच मोठा फिन लुळा पडल्यासारखा इकडेतिकडे पडत असेल तर सनफिश असू शकतो.

आणि बऱ्याचदा फिन दिसतच नाही! वरून, उंचावरून किंवा ड्रोनमधून दिसते ती फक्त लांबट गडद सावली. सावली शेवाळाची आहे का माशाची हे एका गोष्टीवरून कळतं, शेवाळ लाटेसोबत पुढेमागे होतं, मासा लाटेला न जुमानता स्वतःच्या दिशेने जातो.

लक्षात ठेवा: दहा सेकंदांत कळलं नाही तर शार्क आहे असं धरून पुढच्या टप्प्यावर जा. "आधी नीट बघतो" म्हणत गुडघाभर पाण्यात जाऊन उभं राहणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. तुमचं काम खात्री करायचं नाही, कळवायचं आहे. खात्री लाइफगार्ड करेल, त्याच्याकडे उंच जागा आहे, दुर्बीण आहे, बऱ्याच ठिकाणी आता ड्रोनही आहे.

## टप्पा ४: सांगायचं कोणाला आणि कसं

पहिला माणूस लाइफगार्ड. फॅमिली नाही, व्हॉट्सॲप ग्रुप नाही, शेजारची छत्री नाही. कारण सायरन त्याच्या हातात आहे, आणि एका सायरनने जे होतं ते तुम्ही दहा मिनिटं ओरडून होणार नाही.

दोघं असाल तर काम वाटून घ्या. एकाने शार्कवरची नजर अजिबात हलवायची नाही आणि हात लांब करून त्या दिशेला बोट धरून ठेवायचं, दुसऱ्याने पळत जाऊन सांगायचं. बोटीवरून माणूस पाण्यात पडला की खलाशी हेच करतात, एक जण फक्त बोट दाखवत उभा राहतो. पाण्यावर एकदा नजर हटली की ती जागा परत सापडत नाही, "इथेच होता हो आत्ता" एवढंच उरतं. एकटे असाल तर जाताना किनाऱ्यावरची एखादी खूण पकडा, टॉवर, झाड, खांब काहीही, आणि त्याच्या रेषेत शार्क कुठे होता ते डोक्यात ठेवा.

लाइफगार्डला सांगायच्या गोष्टी, याच क्रमाने:

1. कुठे, कुठल्या खुणेच्या समोर आणि काठापासून अंदाजे किती आत.
2. कुठल्या दिशेने चाललाय.
3. जवळ माणसं आहेत का, किती.
4. आकार.
5. कधी बघितला आणि तुम्हाला किती खात्री आहे.

आकाराच्या बाबतीत लोक हमखास फुगवून सांगतात, घाबरलेल्या डोळ्याला सगळं मोठंच दिसतं. मीटर-फूट सांगू नका, जवळच्या गोष्टीशी तुलना करून सांगा, "त्या माणसाच्या सर्फबोर्डपेक्षा लांब होता" किंवा "पोहणाऱ्या माणसाच्या अर्धा". हे लाइफगार्डला जास्त उपयोगी पडतं. आणि "मला नक्की माहीत नाही" हे बिनधास्त सांगा, कोणी हसणार नाही.

लाइफगार्ड नसलेल्या बीचवर असाल (टप्पा १ वाचलाच नाही म्हणायचा!) तर शिट्टी, आणि किनाऱ्यावर काठाकाठाने पळत लोकांना दोन्ही हातांनी बाहेर बोलवायचं. पाण्यात शिरून नाही. मग इमर्जन्सी नंबर किंवा बोर्डवर दिलेला नंबर.

थांबा: गर्दीत "शार्क! शार्क!" ओरडू नका. हा शब्द ऐकला की माणूस आधी मागे वळून समुद्राकडे बघतो, जागेवरच थांबतो, मग पॅनिक होतो. "सगळे बाहेर या, आत्ता" असं ओरडा. काय करायचं ते सांगा, का ते बाहेर आल्यावर कळेलच.

## टप्पा ५: तुम्ही स्वतः पाण्यात असाल तर

इथे दोन वेगळ्या परिस्थिती आहेत आणि लोक त्या एकत्र करतात.

सायरन वाजला, किंवा शार्क लांब आहे. शांतपणे, एका लयीत पोहत बाहेर या. हातपाय आपटत नाही. शार्कला पाण्यातली कंपनं फार चांगली कळतात आणि धडपडणारा मासा आणि धडपडणारा माणूस दोघांची कंपनं त्याला बघावंसं वाटेल अशीच असतात. लाटा फुटतायत त्या भागातून या, लाट तुम्हाला स्वतःच ढकलते, आणि मघाशी सांगितला तो सपाट पट्टा सोडा. सोबत कोणी असेल तर जवळजवळ राहा. एअर मॅट्रेस, फुगे, बॉल जे काही वाहून चाललंय ते जाऊ द्या.

पाय टेकले म्हणून थांबू नका. कमरेएवढ्या पाण्यातही शार्क येतात, बऱ्याच जणांना चावे अशा उथळ पाण्यातच बसलेत. पूर्ण बाहेर, कोरड्या वाळूपर्यंत.

शार्क तुमच्या जवळ आहे, तुमच्याकडे बघतोय. आता पाठ करून पळायचं नाही. त्याच्याकडे तोंड ठेवा, नजर त्याच्यावर, आणि हळूहळू मागे सरका. तो गोल फिरला तर तुम्हीही फिरा. दोघं असाल तर पाठीला पाठ लावा. सर्फबोर्ड असेल तर त्यावर चढून हातपाय आत घ्या, कॅमेरा, पायात घालायचे फिन्स, स्नॉर्कल म्हणजे श्वास घ्यायची नळी, जे हातात असेल ते तुमच्या आणि त्याच्या मधे धरा. स्कूबावाले असाल तर खडकाला किंवा रीफला पाठ लावा म्हणजे एक बाजू तरी बंद होते.

अंगावर आलाच तर नाकावर मारा, शक्यतो हातातल्या वस्तूने, कारण रिकामा हात त्याच्या तोंडाच्या फार जवळ जातो. पकडलंच तर डोळे आणि कल्ले, म्हणजे डोक्यामागच्या त्या उभ्या चिरा, तिथे ओरबाडा, बोटं घाला, जे जमेल ते, थांबू नका. मेल्याचं सोंग वगैरे अस्वलाच्या गोष्टीत ठीक आहे, इथे नाही. सुटलात की लगेच बाहेर निघा, तो परत येऊ शकतो.

## टप्पा ६: किनाऱ्यावरची मोजणी

पाण्यातून बाहेर आलेली माणसं काय करतात? पाण्याच्या अगदी कडेला उभी राहतात आणि मागे वळून बघतात. मागून येणाऱ्यांची वाट बंद, लहान पोरं पायात, लाइफगार्डला पाणी दिसत नाही. बाहेर आलात की निदान दहा-पंधरा पावलं मागे जा आणि मग बघा काय बघायचं ते.

मग मोजणी. नुसते आकडे मोजू नका, नावं घ्या. "आठ होतो, आठ झाले" यात शेजारचं पोरगं मोजलं जातं. प्रत्येकाने मघाशी ठरलेला आपला माणूस शोधायचा आणि मोठ्याने सांगायचं.

ज्यांना सायरन ऐकूच जात नाही अशी काही माणसं नेहमी असतात. स्नॉर्कलवाले, कारण डोकं पाण्यात. कानात प्लग घालून लांब पोहणारे. फार आत सर्फबोर्डवर बसलेले. यातलं कोणी दिसलं तर लाइफगार्डला दाखवा, तो जेटस्की किंवा बोट पाठवेल. स्वतः आत जाऊ नका, हे मी परत परत लिहितोय कारण लोक परत परत जातात.

कोणी सापडत नसेल तर पहिल्यांदा टॉयलेट आणि पार्किंग बघा असं ऐकायला मिळतं. उलटं करा. लाइफगार्डला लगेच सांगा, टॉयलेट बघायला दुसऱ्याला पाठवा.

स्वतःचा ड्रोन उडवायचा मोह आवरा. हेलिकॉप्टर किंवा लाइफगार्डचा ड्रोन येणार असेल तर तुमचा त्यांच्या वाटेत येतो. आणि उथळ पाण्यात आलेला छोटा शार्क असेल तर त्याला शेपटी धरून ओढणं, दगड मारणं, फोटोसाठी उचलणं, यातलं काहीही नाही. छोटा शार्कही चावतो, आणि चावा डिवचल्यामुळेच बसतो.

## टप्पा ७: कोणाला चावलाच तर

हा टप्पा वापरायची वेळ बहुतेक कोणावरच येत नाही, पण आली तर मिनिटांचा खेळ आहे. शार्कच्या चाव्यात जीव जातो तो बहुतेक वेळा रक्त वाहून. त्यामुळे सगळं सोडून एकच काम, रक्त थांबवणं.

पहिलं, माणसाला लाटांच्या बाहेर काढा, तेवढंच. पार्किंगपर्यंत उचलून नेत बसू नका, कोरड्या वाळूवर आडवं करा आणि तिथेच काम सुरू करा. सर्फबोर्डवर असेल तर किनाऱ्याकडे आणतानाच जखम दाबायला सुरुवात करा.

दुसरं, एका ठरावीक माणसाकडे बोट करून "तू फोन लाव" असं सांगा. "कोणीतरी फोन करा" म्हटलं की कोणीच करत नाही.

तिसरं, दाबा. टॉवेल, टी-शर्ट, गॉझ, जे असेल ते, पूर्ण वजन टाकून. खोल जखमेत कापड आत भरून मग दाबा. मधेमधे उचलून "थांबलं का" बघू नका, कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा.

चौथं, हात किंवा पाय असेल आणि रक्त उसळून येतंय किंवा थांबतच नाहीये तर टूर्निके. जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, ५ ते ८ सेंटीमीटरवर. गुडघा किंवा कोपरावर नाही. जखम नक्की कुठे आहे कळत नसेल तर जेवढं वर जाता येईल तेवढं वर. रक्त थांबेपर्यंत दांडी फिरवा. दुखेल, फार दुखेल, ओरडेल तो, तरी सैल करू नका. वेळ लिहून ठेवा, आणि हॉस्पिटलशिवाय कोणी तो काढायचा नाही. अर्धवट आवळलेला टूर्निके जास्त वाईट, कारण रक्त बाहेर यायचं सुरूच राहतं आणि आपल्याला वाटतं काम झालं.

टूर्निके नसेल आणि जखम पायाला असेल तर एक उपाय शिकून ठेवण्यासारखा आहे. माणूस पाठीवर, तुम्ही त्याच्या बाजूला गुडघ्यावर. जखमी पायाच्या बाजूची जांघ, कमरेचं हाड आणि गुप्तांग यांच्या बरोबर मधे, तिथे मूठ ठेवायची, कोपर ताठ आणि अख्खं वजन टाकायचं. पायाकडे जाणारी मोठी धमनी तिथून जाते. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या मुठीच्या दाबाने पायातला रक्तप्रवाह सुमारे ९० टक्के कमी झाला, सर्फबोर्डची दोरी टूर्निकेसारखी बांधून निम्म्याहून कमी फरक पडला. वेटसूटवरूनही हे जमतं, सूट काढत बसायची गरज नाही.

बाकी, अंग झाकून गरम ठेवा, खायला-प्यायला काही देऊ नका, बोलत राहा.

चेक: रक्त थांबलंय का, वेळ लिहिली का, अँब्युलन्सला वाट दाखवायला कोणी रस्त्यावर उभं आहे का? तिसरी गोष्ट हमखास राहते.

चावा छोटा असला, नुसते दातांचे ओरखडे असले, तरी डॉक्टरकडे जायचंच. समुद्राच्या पाण्यातले आणि शार्कच्या तोंडातले जंतू साध्या जखमेला चिघळवतात.

## टप्पा ८: परत पाण्यात कधी

लाइफगार्ड म्हणेल तेव्हा. हे लिहून संपवता आलं असतं पण लोक "पाच मिनिटं झाली, काही दिसत नाही" म्हणून उतरतात. दिसत नाही याचा अर्थ गेला असा होत नाही, तो फक्त खाली असू शकतो.

किती वेळ थांबायचं याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत. नुसता दिसला असेल तर बऱ्याच ठिकाणी पाणी तपासून त्याच दिवशी बीच उघडतात, चावा झाला असेल तर जास्त वेळ. हवाईत चाव्याच्या घटनेनंतर दोन्ही बाजूंना साधारण एक-एक मैल धोक्याचे बोर्ड लागतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तरी राहतात. बंद बीचच्या शेजारच्या बीचवर जाऊन पोहण्यात काही अर्थ नाही, शार्कला बोर्डची हद्द माहीत नसते.

उघडल्यावर उतरणार असाल तर टप्पा २ पहिल्यापासून. झेंडा बदलला असेल, ऊन उतरलं असेल, पाणी गढूळ झालं असेल, भरती-ओहोटीने रिपची जागा सरकली असेल. पोरं घाबरली असतील तर जबरदस्तीने आत नेऊ नका, आजचा दिवस वाळूवर काढला तर काही बिघडत नाही.

आणि तो व्हिडिओ. आधी लाइफगार्डला दाखवा, शार्क कुठल्या जातीचा, केवढा आणि कुठे होता ते त्यावरून ठरवता येतं. ऑस्ट्रेलियात काही राज्यांची शार्कची सरकारी ॲप आहेत, लाइफगार्डने आणि लोकांनी कळवलेलं त्यावर इतरांना लगेच दिसतं, तशी सोय असेल तर तिथे नोंद करा. त्यानंतर ग्रुपवर टाकायचा असेल तर टाका, फक्त तारीख, वेळ आणि बीचचं नाव सोबत लिहा. बिननावाचा व्हिडिओ दोन वर्षांनी "आजच सकाळचा" म्हणून भलत्याच बीचच्या नावाने फिरतो.